आमचे पाकग्रंथ आणि अष्टागरचा उन्हाळा

मासिकांच्या परीक्षणांच्या पानांवर कादंबरी येते, काव्यसंग्रह येतो, चरित्र येते, क्वचित एखादे प्रवासवर्णनही येते. परंतु ज्या पुस्तकाची पाने हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली असतात आणि ज्याची बांधणी वापरून वापरून सुटलेली असते, त्या पाकग्रंथास तेथे सहसा जागा मिळत नाही. त्यास वाङ्मय म्हणावे की नाही, हा वाद आम्ही येथे उपस्थित करीत नाही. जे पुस्तक सासूकडून सुनेकडे जाते, ज्याच्या शब्दावर विश्वासून माणूस दिवसातून दोन वेळा चूल पेटवितो आणि ज्यातील एका मोघम शब्दाने घरातील सहा माणसांचे जेवण बिघडू शकते, त्याची चिकित्सा होणे अवश्य आहे, एवढेच आमचे म्हणणे. या चिकित्सेस उन्हाळ्यासारखा ऋतू नाही. हिवाळ्यात आळशी गृहस्थाची भाजीही दोन दिवस टिकते. वैशाखात मात्र निवडीची चूक सकाळी केली तर संध्याकाळी नाकास कळते.

आम्ही गेल्या वर्षी एक साधा प्रयोग केला. चैत्रापासून मृगापर्यंत अलिबाग, नागाव आणि पेण येथील बाजारांतून जे जे घरी आले, ते ते ओटीवर मांडून शेजारी घरातील चार पाकग्रंथ उघडावयाचे आणि त्यांस तीन प्रश्न विचारावयाचे: हा जिन्नस चांगला कसा ओळखावा? तो किती दिवस व कसा ठेवावा? आणि तो ज्या अवस्थेत आज आमच्यापुढे आहे, त्या अवस्थेत त्याचे काय करावे? तिसऱ्या प्रश्नास बरी उत्तरे मिळाली. दुसऱ्यास थोडी मिळाली, तीही प्रस्तावनेतील 'उपयुक्त सूचनां'त, मूळ कृतीपासून शेपन्नास पानांच्या अंतरावर. पहिल्या प्रश्नास बहुधा 'ताजे व चांगले घ्यावे' एवढेच उत्तर होते. कोणत्या ग्रंथाने काय सांगितले, हे नावनिशीवार सांगण्याचे आम्ही टाळतो. कारण दोष कोणा एका लेखिकेचा नसून सर्वांनी स्वीकारलेल्या घाटाचा आहे.

हा घाट कसा बनला, ते पाहण्याजोगे आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली छापले गेले. मराठी पाककृती छापील पुस्तकात आणणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' निघाले आणि स्वयंपाकघरातील अधिकारवाणी स्त्रीच्या नावाने छापली जाऊ लागली. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही मापे घराघरांत रूढ केली. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. 'अंदाजाने' हा शब्द ज्या मुलीस आजवर भिववीत आला होता, तिच्या हाती 'एक वाटी', 'अर्धा चमचा' असे निश्चित शब्द आले, आणि पुण्याची मुलगी परप्रांतात किंवा परदेशात एकटी असूनही पुरणपोळी करू शकली. हे मोठेच कार्य होय. मापाचा प्रश्न आमच्या पाकग्रंथांनी सोडविला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

परंतु माप हे चुलीवरचे ज्ञान आहे, आणि स्वयंपाक चुलीच्या बऱ्याच अगोदर सुरू होतो. 'दोन कांदे, एक कैरी, पाव किलो फणस' असे लिहिताच जणू सर्व कांदे एक, सर्व कैऱ्या एक, असे गृहीत धरले जाते. मूळ लेखिकांनी हे गृहीत धरणे क्षम्य होते. त्यांच्या वाचक स्त्रीच्या घरात कैरी हातात घेऊनच ती कशासाठी योग्य हे सांगणारी कोणी ना कोणी वडीलधारी बाई होती. जे घरात मिळते ते छापण्यात कागद कशास दवडावा? आज ती बाई पुष्कळ घरांत नाही. पुस्तक मात्र अजून तिच्या भरवशावर लिहिले जात आहे.

पहिले उदाहरण म्हणून अलिबागचा पांढरा कांदा घेऊ. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याचा उल्लेख सापडतो. ज्या जिल्ह्याचे ते गॅझेटियर, त्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, पण कांद्याचे नाव कायम राहिले, आणि अलीकडे त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूच्या शेतांत भात निघाल्यावर हे पीक घेतात. काढलेला कांदा पातीसकट वाळवितात आणि त्या वाळल्या पातीचीच वेणी घालून माळा करतात. फेब्रुवारीपासून पुढे वडखळहून अलिबागकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला या माळा टांगलेल्या दिसतात, आणि मुंबईकडे परतणारी मंडळी त्या गाडीत घालून नेतात.

ही वेणी शोभेसाठी आहे, असा शहरातील पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ती साठवणीची युक्ती आहे. माळेतील प्रत्येक कांद्यास चारी बाजूंनी वारा लागतो, एक नासला तरी तो शेजाऱ्यास सहज भिजवीत नाही, आणि नासलेला कांदा डोळ्यांस दिसतो व खुडून टाकता येतो. जी माणसे माळ घरी नेऊन, वेणी कापून, कांदे प्लास्टिकच्या पिशवीत भरतात, त्यांनी शेतकरी कुटुंबाचे महिनाभराचे श्रम पाच मिनिटांत उधळले असे समजावे. माळ निवडताना पाहावयाचे ते मानेजवळ. मान बारीक, वाळलेली व घट्ट असावी. जाड व ओलसर मानेचा कांदा आधी सडतो. दाबून कठीण लागावा, सालीखाली काजळीसारखी काळी बुरशी नसावी, कोंब फुटलेला नसावा. माळ ओटीच्या वाशाला, उन्हापासून दूर पण वाऱ्याच्या वाटेत टांगावी. बटाट्याच्या टोपलीशेजारी किंवा शीतपेटीत ठेवू नये, तेथील दमटपणात तिला कोंब फुटतात.

आता चुलीकडे येऊ. हा कांदा सौम्य व गोडसर असतो. त्याचा गुण कच्च्यात आहे: कोशिंबिरीत, दह्यात, भाकरीबरोबर, किंवा सुक्या जवळ्यावर शेवटी घालून एक वाफ आणण्यात. तोच कांदा वाटणासाठी तासभर तेलात परतून काळपट केला, तर साध्या तांबड्या कांद्यापेक्षा अधिक काही हाती लागत नाही. दामदुप्पट पैसे मात्र गेलेले असतात. 'दोन कांदे' या दोन शब्दांत यातले काहीच नाही. अलिबागच्या नावाने इतर ठिकाणचा पांढरा कांदाही माळा घालून विकला जातो, अशी येथील शेतकऱ्यांची तक्रार आहे; ज्या गिऱ्हाइकास कांद्याची चवच वेगळी ओळखता येत नाही, त्याच्या अज्ञानावर हा व्यापार चालतो. मानांकनाचा कागद शेतकऱ्याच्या हाती आला, परंतु तो वाचू शकणारी जीभ गिऱ्हाइकाच्या तोंडी नसेल, तर त्या कागदाचा उपयोग अर्धाच.

आंब्याची कथा याहून विचित्र आहे. कारण आंब्याविषयी बोलणारे पुष्कळ आणि जाणणारे थोडे. कोकणातील बागाईतदार फळाची तयारी अजून आण्यांत मोजतो. रुपयाचे सोळा आणे व्यवहारातून गेले त्यास कित्येक दशके झाली, परंतु 'चौदा आणे तयार' हा शब्दप्रयोग आंब्याच्या कलमाखाली टिकून आहे. हापूसचे खांदे देठाच्या वर येतात, देठाजवळ खळगा पडतो, सालीचा गर्द हिरवा रंग किंचित फिकट होतो. तेव्हा फळ काढावयाचे, तेही देठ राखून, म्हणजे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. दापोलीच्या कृषि विद्यापीठाने यासाठी 'नूतन झेला' तयार केला, त्याचे मर्म देठासह फळ उतरविण्यातच आहे. पुढे भाताच्या पेंढ्यात आढी. आढीत आंबे पसरून ठेवावयाचे, मधून मधून फिरवावयाचे, व आठ-दहा दिवस धीर धरावयाचा. तयार फळ पाण्यात बुडते, अपुरे फळ बहुधा तरंगते, ही जुनी परीक्षाही फोल नाही. फळ भरत जाते तसतसे ते पाण्याहून जड होते.

यातील एकेक गोष्ट शहरातील घरास उपयोगाची आहे. पेटी उघडताच न पिकलेले आंबे शीतपेटीत ठेवण्याची चाल सार्वत्रिक झाली आहे. तेरा अंशांच्या खालील थंडीत हिरवा आंबा पिकण्याची क्रिया गमावतो; बाहेर काढल्यावर तो सुरकुततो, डागाळतो, पण गोड होत नाही. मग बागाईतदारास दोष दिला जातो. आधी पिकवावा, मग हवा तर थोडे दिवस थंड ठेवावा, हा क्रम एका ओळीत सांगता येतो. आमरसाच्या कृतीच्या डोक्यावर ती ओळ छापावयास हवी होती.

येथे एक कबुली देणे प्रामाणिकपणाचे होईल. निवडीच्या ज्ञानासही सीमा आहेत, आणि हापूसमधील साका ही त्यांपैकी एक होय. बाहेरून निर्दोष, सुगंधी दिसणारे फळ चिरावे तो आत बाठ्याभोवती पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग निघतो. तापलेल्या जमिनीच्या झळांमुळे हे होते असे पूर्वी मानीत. पुढील संशोधनात फळातील बी झाडावरच रुजण्याच्या तयारीस लागते हे कारण पुढे आले. कारण काहीही असो, वरून पाहून साका ओळखण्याची विद्या कोणाजवळ नाही. आणि जो विक्रेता शपथेवर खात्री देतो, त्याच्या शपथेची किंमत गिऱ्हाइकाने ठरवावी. फळ जास्त दिवस झाडावर ठेवल्यास साक्याचा संभव वाढतो, म्हणूनही चौदा आण्यांचा नेम. चांगल्या ग्रंथाने हे सांगितले तर वाचक आंबा चिरताना निराश होईल, पण फसला असे मानणार नाही.

याउलट, जेथे फसवणूक आहे तेथे ग्रंथाने स्पष्ट बोलले पाहिजे. कॅल्शियम कार्बाइड घालून फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत ती नमूद आहे. नियंत्रित प्रमाणात इथिलीन वायू वापरण्यास परवानगी आहे, कारण तो फळ स्वतःच निर्माण करते. कार्बाइडने साल पिवळी होते. गर मात्र मागे राहतो. सर्व पेटी एकाच दिवशी, एकाच पिवळ्या रंगाने झळकत असेल आणि देठापाशी वास नसेल, तर शंका घ्यावी. आढीतील आंबे एकाच दिवशी पिकत नाहीत; त्यांच्यात थोरले-धाकटे असतात, आणि हीच त्यांच्या खरेपणाची खूण.

आंब्यावरून एक सामान्य नियम निघतो. झाडावरून काढल्यावर पिकणारी फळे एक, आणि काढल्यावर न पिकणारी दुसरी. आंबा, फणस, केळे, पपई, चिकू ही पहिल्या वर्गातील. कलिंगड, करवंद, जांभूळ ही दुसऱ्या. पहिल्या वर्गात घरी धीर उपयोगी पडतो, दुसऱ्यात सर्व परीक्षा विकत घेतानाच संपते. रोहा-माणगावकडील भाताच्या मोकळ्या शेतांतून येणारे कलिंगड घेताना त्याचा जमिनीला टेकलेला भाग पाहावा: तो पांढरा असेल तर फळ लवकर तोडलेले, लोण्यासारखा पिवळसर असेल तर वेलीवर भरलेले. टिचकी मारल्यास आवाज घुमावा, आणि आकाराच्या मानाने फळ हातास जड लागावे. ताडगोळ्यास तर दुसरी संधीच नाही. सकाळी काढलेला, दाबल्यास मऊ लागणारा व आत पाणी खेळणारा ताडगोळा दुपारपर्यंत खावा. दुसऱ्या दिवशी तो राठ होतो. एवढा एक नियम आमच्या चारही ग्रंथांत आम्हांस कोठे आढळला नाही. आणि तो ठाऊक असता तर उन्हाळ्यातील निम्मी नासाडी टळती.

फणसाने आमच्या ग्रंथांची दुसरी उणीव उघड केली. ग्रंथात पदार्थ असतात. झाडावर अवस्था असतात. चैत्रातील कोवळी कुयरी, ज्येष्ठातील पिकला फणस आणि आषाढातील आठळी ही एकाच फळाची तीन वये आहेत, पण ग्रंथात ती भाजी, पक्वान्न व उसळ अशा तीन प्रकरणांत विखुरली जातात आणि वाचकास त्यांचा संबंध लागत नाही. कुयरी घेताना ती चिरून दाखविण्यास सांगावे: आतील आठळीवर टरफल धरलेले नसेल, सुरी अडखळल्यावाचून जात असेल, तरच ती भाजीस योग्य. हातास व विळीस तेल लावून चिरावी, फोडी वाफवून ठेचाव्या, आणि मोहरी, सुक्या मिरच्या व भिजविलेल्या वालाबरोबर फोडणीस टाकून वर ओले खोबरे घालावे. पिकला फणस ओळखण्यास काटे पाहावेत. ते एकमेकांपासून दूर होऊन बोथट होतात, आणि थापटल्यावर आवाज भरीव न येता पोकळ येतो. तो कापा की बरका, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. काप्याचे गरे खावयाचे. बरक्याचे गरे घशात घसरतात. त्याचा रस काढून सांदणे व साठे करावयाचे. कापा आणून सांदणे करू पाहणारी गृहिणी कृती चुकली म्हणून हळहळते. चूक कृतीची नसते. उरलेल्या आठळ्या धुऊन, सुकवून मातीत घोळवून ठेवल्या की पावसाळ्यात भाजी नसलेल्या दिवशी उपयोगी पडतात.

आणखी एक जिन्नस सांगतो. त्याने आमचा आक्षेप केवळ घाटापुरता राहिला नाही. मृगाच्या तोंडावर, पहिल्या सरींच्या आसपास, पेणच्या बाजारात ठाकूर व कातकरी स्त्रिया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. सुरणाच्या जातीच्या एका रानटी कंदाचा तो मोहोर. तसाच शिजविला तर घसा खाजून निघतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. विकणारी बाई जुडीबरोबर काकडांची मूठभर आंबट हिरवी फळे देते आणि न विचारता सांगते: आतला दाणेदार भाग काढून टाका, काकडांचा रस घाला, नीट शिजवा. या जिल्ह्यातील प्रभू मंडळींच्या घरी शेवळांस मोठा मान आहे. सोडे घालून केलेली शेवळांची भाजी वर्षातून एकदा व्हावीच लागते. कृती घरातल्या नावाने प्रसिद्ध झाली. परंतु रानात कोणत्या जागी ते उगवते, कोणता कोंब घ्यावा व कोणता सोडावा, कोणत्या फळाने त्याची खाज मरते, हे ज्ञान ज्या बाईचे, तिचा उल्लेख कृतीत कोठेच नाही.

हाच प्रकार इतरत्रही आढळतो. कांद्याची वेणी घालणारी शेतकरी स्त्री, ताडगोळे काढणारा, करवंदांची पाटी घेऊन येणारी मुलगी, रातांबे फोडून साली मिठाच्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालणारी आणि पाऊस येण्यापूर्वी आमसुले तयार करण्यासाठी आभाळाकडे पाहत राहणारी म्हातारी, ही सर्व मंडळी आमच्या पाकग्रंथाच्या उंबऱ्याबाहेर उभी आहेत. आमचे ग्रंथ बहुतेक शिकलेल्या, उच्चवर्णीय घरांतून लिहिले गेले, आणि त्या घरांत जिन्नस दारात येत असे. निवड व साठवण ही प्रकरणे ग्रंथात का आली नाहीत, याचे आणखी एक कारण आम्हांस येथे दिसते: ती विद्या पुष्कळ अंशी ज्यांची होती, त्यांस कोणी लेखिका मानले नाही. हा आरोप कटु आहे हे आम्ही जाणतो. आमच्या स्वतःच्या घरासही तो लागू आहे. कित्येक वर्षे शेवळे विकत घेऊनही, देणाऱ्या बाईस ती कोठून आणते हे आम्ही गेल्या वर्षीच प्रथम विचारले.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हे ज्ञान हाताचे आहे, कागदावर उतरणार नाही. फणसाचा आवाज कोणी कसा छापावा? आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो वाटीच्या मापासही एकेकाळी घेता आला असता. कागद हात देऊ शकत नाही, पण हाताने काय शोधावे ते सांगू शकतो. उन्हाळ्याचे सूक्ष्म निरीक्षण मराठी गद्यास जमत नाही, असेही नाही; दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'स १९५६ पासून वाचक आहेत. ती दृष्टी बागेतून स्वयंपाकघरात येण्यास कोणाची हरकत असणार? दुसरा आक्षेप असा की, लोकज्ञानात भ्रमही असतात. असतात; म्हणूनच छापावे. तोंडी ज्ञान तपासता येत नाही, छापलेले येते. आंबा पाण्यात बुडण्याची परीक्षा शास्त्राच्या कसोटीस उतरली. दुसरी एखादी उतरणार नाही, तेव्हा ती सोडता येईल.

केवळ दोष दाखवून थांबणे उचित नव्हे, म्हणून आमच्या मते पाकग्रंथातील एक नोंद कशी असावी, ते येथे देतो. 'कुयरी. चैत्र ते वैशाखाचा पूर्वार्ध. खूण: चिरल्यास सुरी अडू नये, आठळीवर टरफल नसावे, काटे दाट व हिरवे असावेत. कोणास विचारावे: विकणाऱ्या बाईस, किती दिवसांची आहे म्हणून. ठेवणे: अखंड असता सावलीत दोन दिवस, चिरल्यावर काळी पडते, म्हणून फोडी ताकाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकून त्याच दिवशी शिजवाव्या. जून निघाल्यास: टाकू नये, आठळ्या वेगळ्या काढून गर भाजीस, आठळ्या उसळीस. कृती: पुढे पाहा.' या नोंदीस पुस्तकाचे अर्धे पान लागेल. एक हजार कृतींऐवजी दोनशे कृती आणि अशी दोनशे अर्धी पाने असलेला ग्रंथ आम्ही अधिक मोलाचा मानू.

हे काम निवांतपणे करावयास वेळ आहे, असे कोणी समजू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, आणि श्रीवर्धन, मुरुड व अलिबाग या तालुक्यांतील नारळ, सुपारी, आंबा, फणस यांची जुनी झाडे एका दुपारी आडवी झाली. झाड पुन्हा लावता येते. परंतु जुन्या फणसास फळ कोणत्या फांदीवर आधी धरते, त्याचा गर कापा की बरका, हे जाणणारा माणूस बहुधा झाडाइतकाच जुना असतो. थळ, किहीम, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या गावांतील वाड्या तुकड्या-तुकड्यांनी विकल्या जाऊन तेथे सुटीचे बंगले उभे राहत आहेत. विकणाऱ्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. वाडीवर आता कुटुंब चालत नाही, हे त्याचे म्हणणे बहुधा खरे असते. परंतु वाडी गेली की आढी जाते, आढी गेली की तिचा शब्द जातो, आणि ज्या वस्तूस घरात शब्द उरला नाही ती बाजारात कोणी पारखून घेत नाही.

म्हणून आमची सुशिक्षित कुटुंबांस एक विनंती आहे. येत्या चैत्रात घरातील सर्वांत वडील माणसाबरोबर एकदा बाजारात जावे, ते काय उचलतात व काय परत ठेवतात हे पाहावे, आणि का, ते विचारावे. विकणाऱ्या बाईसही विचारावे, व तिचे उत्तर तिच्याच शब्दांत, तिच्या गावाच्या नावासह वहीत लिहावे. मृग लागेपर्यंत अशी वीस पाने सहज भरतील. अशा वह्यांवरून कोणी भगिनी किंवा बंधू ग्रंथ रचील, तर त्याचे परीक्षण या पानांवर करावयास आम्हांस आनंद वाटेल. आणि ते करण्यापूर्वी तो ग्रंथ हाती घेऊन आम्ही वडखळच्या रस्त्यावर एक माळ निवडून पाहू.